उजेड किती पुरे?

शाळा-कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगवहीत एक आकृती हटकून असते. काचेचं चंचुपात्र, त्यात हायड्रिलाच्या फांद्या, फांद्यांवर पालथं घातलेलं नरसाळं आणि नरसाळ्याच्या नळीवर उपडी परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवलं की फांद्यांच्या कापलेल्या टोकांतून बुडबुड्यांची माळ निघते आणि परीक्षानळीत प्राणवायू साठतो. शिक्षक हौशी असले तर आणखी दोन गोष्टी करून दाखवतात. दिवा जवळ आणला की मिनिटाला निघणारे बुडबुडे वाढतात. पण एका अंतरानंतर तो कितीही जवळ आणा, आकडा हलत नाही. मग पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. दिवा जागचा हललेला नसतो, तरी बुडबुडे पुन्हा वाढायला लागतात, कारण झाड आता उजेडासाठी नव्हे, कर्बवायूसाठी अडून बसलेलं असतं. प्रयोगाचे गुण मिळाले की वही रद्दीत जाते. छोट्या मत्स्यालयात झाडं वाढवायला निघालेल्या माणसाने मात्र ती आकृती पुन्हा एकदा काढून बघावी. दिव्याच्या निवडीतला निम्मा घोळ तिथेच सुटतो.

या पुस्तिकेचा विषय मुद्दाम आखूड ठेवला आहे. साधारण १० ते ६० लिटर पाण्याच्या टाक्या, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एक फुटीपासून दोन फुटीपर्यंत. त्यात खरी झाडं, थोडे मासे किंवा कोळंबी, आणि वर लावायचा दिवा. समुद्री टाक्या, प्रवाळ, सहा फुटी देखावे यांचं शास्त्र वेगळं आणि खर्चही वेगळा. आपल्याकडे बहुतेक जण सुरुवात करतात ती दिवाणखान्यातल्या शोकेसवर किंवा अभ्यासाच्या टेबलावर मावेल अशा टाकीपासून, आणि दिव्याची सर्वांत जास्त फसगत होते तीही अशाच टाकीत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दिवा निवडणं म्हणजे झाडांच्या वाढीचा वेग निवडणं, आणि तो वेग आपल्याला आठवड्याकाठी जेवढं काम झेपतं त्याहून जास्त असता कामा नये. छोट्या टाक्यांमध्ये मी पाहिलेल्या दुरवस्थांपैकी बहुतेक जास्तीच्या उजेडाच्या होत्या, कमी उजेडाच्या नव्हेत.

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या रंगीत माशांच्या दुकानांतून फेरी मारली तर याचं कारण लक्षात येतं. दुकानदार रिमोटचं बटण दाबतो, टाकी निळी होते, निऑन टेट्राच्या अंगावरची रेघ पेटल्यासारखी दिसते. दुसरं बटण दाबलं की जांभळी. गिऱ्हाईक खूश होतं आणि दिवा बांधून दिला जातो. त्या टाकीतली झाडं प्लास्टिकची आहेत हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्यातल्या कित्येकांनी पहिलं मत्स्यालय पाहिलं ते शाळेच्या सहलीत, १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा आणि काचांमागे मासे. मत्स्यालयातला दिवा मासे दिसावेत म्हणून असतो ही समजूत तेव्हाची आहे. माशांपुरती ती बरोबरच आहे. झाडं आली की दिव्याचं काम बदलतं: त्याला आता एका जिवाचं जेवण शिजवायचं असतं.

ही जाण जुनी आहे. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली इंग्लंडमध्ये पानं पाण्यात बुडवून शेकडो प्रयोग केले आणि दाखवून दिलं की बुडबुडे निघतात ते उन्हाच्या उबेमुळे नव्हे, उजेडामुळे. तेही फक्त हिरव्या भागांतून. अंधारात हीच झाडं प्राण्यांसारखी हवा बिघडवतात हेही त्याने नोंदवलं. भरगच्च लावलेल्या टाकीत पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून दम खाताना दिसतात, त्याचं कारण त्यात आहे. पुढे १८४९ साली लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून पाणी न बदलता त्यांचं जमतं का ते पाहायला घेतलं. जमलं, पण सडक्या पानांचा बुळबुळीत थर माजला, तो खायला गोगलगायी आणाव्या लागल्या. १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. झाड, मासा आणि साफसफाई करणारा जीव ही तिघांची मोट आजही प्रत्येक छोट्या टाकीत बांधावी लागते.

त्या काळी दिवा म्हणजे खिडकी. खिडकीचं ऊन फुकट असतं, पण त्यावर आपला ताबा नसतो. मार्चमध्ये दुपारी दोन तास टाकीवर तिरीप येते, जूनपासून चार महिने आभाळ भरलेलं, डिसेंबरात ऊन थेट तळापर्यंत. शिवाय ते बाजूने येतं, म्हणून झाडं काचेकडे झुकतात आणि त्या काचेवर हिरवा थर बसतो. टाकी खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला ठेवावी असं मी सुचवतो ते म्हणूनच. घरच्या जागेमुळे ते शक्य नसेल तर निदान उत्तरेची खिडकी बघावी, आणि मागच्या काचेला काळा कागद चिकटवावा.

खिडकीनंतर आल्या ट्यूबलाइट. एका इंचाच्या जाड नळ्या, मग पाऊण इंचाहूनही बारीक टी-५. त्या काळात अमेरिकी छंदिष्टांनी गॅलनला दोन वॅट असा सोपा हिशेब काढला, म्हणजे आपल्या मापात लिटरला अर्धा वॅट. तो हिशेब अजून दुकानादुकानांत ऐकू येतो, आणि तो आता टाकून द्यायला हवा. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचं माप. तो उजेड किती देतो त्याचं नव्हे. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्यूमेन देतो. तेवढ्या उजेडासाठी जुन्या पिवळ्या बल्बला ६० वॅटहून जास्त वीज लागायची. दुसरं म्हणजे छोट्या टाकीत हा हिशेब ट्यूबच्या काळातही लागू पडत नव्हता. लांबी, रुंदी आणि उंची निम्मी केली की पाणी आठव्या हिश्श्यावर येतं, पण उजेड ज्या तळावर पडायचा तो चौथ्या हिश्श्यावर. उजेड पाण्याच्या लिटरांवर पडत नाही, तळाच्या क्षेत्रफळावर पडतो.

पांढऱ्या एलईडीची गोष्ट इथे थोडक्यात यायला हवी. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते. अडलं होतं ते तेजस्वी निळ्यावर. तो जमवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी हा पोटात निळाच असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. योगायोग असा की झाडांच्या मत्स्यालयाला कलेचा दर्जा देणाऱ्या जपानी माणसाचं आडनावही अमानोच. निइगाता प्रांतातले ताकाशी अमानो (१९५४–२०१५) आधी सायकलच्या शर्यतींतले व्यावसायिक खेळाडू, मग छायाचित्रकार, मग पाण्याखालच्या बागांचे उस्ताद. त्यांच्या छायाचित्रांतलं हिरवंगार लुसलुशीत गवत पाहून जगभरच्या लोकांनी डोळे दिपतील असे दिवे टाकीवर टांगले. त्या गवताखाली नळीने सोडलेला कर्बवायू होता, वरचेवर बदललेलं पाणी होतं, आणि शेवाळ खायला इतक्या कोळंब्या सोडलेल्या असत की त्या जातीला आज अमानो कोळंबी म्हणूनच ओळखतात. छायाचित्रात या गोष्टी दिसत नाहीत. दिवा तेवढा दिसतो.

आता दिव्याच्या खोक्यावरचे आकडे. ल्यूमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी उजेडाला सर्वांत तीक्ष्ण, म्हणून ल्यूमेनमध्ये पोपटीला झुकतं माप मिळतं. झाडाचं हरितद्रव्य निळा आणि लाल उजेड अधिक शोषतं. पानं हिरव्यावरही काम करतात, तो सगळाच परतवतात असं नाही. पण माप डोळ्याचं आणि पोट झाडाचं, ही तफावत राहतेच. केल्विनचा आकडा तर आणखी फसवा. ६५०० केल्विन म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा, २७०० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा, १०,००० म्हणजे निळसर. हा आकडा टाकी कशी दिसेल ते सांगतो. झाड ३००० लाही वाढतं आणि १०,००० लाही. मी ६५०० घ्या म्हणतो ते पानं आणि मासे त्यात नैसर्गिक दिसतात एवढ्यासाठीच. रंगदर्शकांक ९० च्या पुढचा असेल तर लाल पानं खरंच लाल दिसतात, ८० ला ती किंचित तपकिरी वाटतात. चार पैसे जास्त द्यायचे तर ते या आकड्यासाठी द्यावेत. लाल आणि निळे ठिपके असलेले 'ग्रो लाइट' झाडाला चालतात, पण त्यांत टाकी जांभळ्या सरबतासारखी दिसते आणि आठ दिवसांत घरचे ती बंद करायला लावतात.

झाडाच्या दृष्टीने खरं माप म्हणजे पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात त्याचा आकडा, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या निरभ्र उन्हात तो २००० च्या आसपास असतो. टाकीच्या तळाशी १५ ते ३० असेल तर सावलीतली झाडं सुखाने जगतात. ३० ते ६० मध्ये बरीचशी देठाची झाडं वाढतात. त्यापुढे गेलात की कर्बवायूचं नळकांडं आणि खतांचं वेळापत्रक आलंच. पार मोजायचं यंत्र महाग असतं, ते विकत घ्यायची गरज नाही. फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपनेही अंदाज येतो: उन्हात साधारण ५४ लक्सला १ मायक्रोमोल पडतो, पांढऱ्या एलईडीत थोडे जास्त लक्स लागतात. ७० ने भागावं, फार चूक होत नाही. फोन अर्थातच रिकाम्या टाकीत धरायचा.

रिकाम्या टाकीतला हा आकडा भरल्यावर फार बदलत नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. पाणी लाल उजेड शोषतं हे खरं, पण ते समुद्रात मीटरांच्या हिशेबात. एक फूट खोलीत जातो तो थोडाच. उलट एकदा पाण्यात शिरलेला उजेड बाजूच्या काचांवरून आतल्या आत परततो आणि बराचसा टाकीतच राहतो. खरी गळती वरच होते. दिवा पाण्यापासून चार बोटांवर आहे की वीतभर उंच, त्याला मागे पांढरा किंवा चकचकीत परावर्तक आहे की नाही, यावर तळाचा उजेड दुप्पट-निम्मा होतो. आणि झाकणाची काच! बोअरचं पाणी असलेल्या घरात महिन्याभरात तिच्यावर क्षारांची पांढरी साय धरते. लोक दिवा म्हातारा झाला म्हणून नवा आणतात. लिंबाची फोड फिरवून काच पुसली की जुनाच पुन्हा लख्ख होतो. फायटर मासा असलेल्या टाकीत बदामाची सुकी पानं टाकतात, त्याने पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि निळा उजेड मधेच अडतो. फायटरला तो मंद उजेड आवडतो. झाडं तशीच निवडावीत.

झाडं निवडताना त्यांचं गाव विचारावं, हा या पुस्तिकेतला मला सर्वांत आवडणारा भाग. अनुबियस पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलांतल्या ओढ्याकाठचं, डोक्यावर दाट झाडोरा. त्याला एक पान काढायला कैक आठवडे लागतात. इतक्या संथ झाडावर झगझगीत दिवा टाकला तर ते वेगाने वाढत नाही. त्याच्या जुन्या पानांवर शेवाळाचे हिरवे टिपके बसतात, कडक, नखाने खरवडले तरी न निघणारे, आणि शेवटी ते पानच कापावं लागतं. जावा फर्न, जावा मॉस, श्रीलंकेतली क्रिप्टोकोरिन वेन्टी ही सगळी याच सावलीच्या पंक्तीतली. क्रिप्टोकोरिनचे सोयरे आपल्याकडेही आहेत: क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस कोकणात ओहोळांच्या काठच्या चिखलात आणि भातखाचरांच्या कडेला उगवते, बघणाऱ्याला ते गवतच वाटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला साताऱ्याजवळचं कास. पावसाळ्यात त्या जांभ्याच्या सड्यावर वीतभर पाण्याची डबकी साचतात, आणि त्यांत वायतुरा फुलतो. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे नावातच सातारा. पाण्याबाहेर येणारा त्याचा तुरा दोन फाट्यांचा. पाऊस संपला की पानं जातात आणि कंद जमिनीत झोपी जातो. डोक्यावर झाड नाही, धुकं हटलं की थेट ऊन. अशा उथळ, उघड्या जागची झाडं, त्यांत रोटालाच्या कित्येक जाती येतात, छोट्या टाकीत मंद दिव्याखाली लावली तर काय होतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. शेंडा उजेडाकडे धावतो, दोन पेरांमधलं अंतर बोटभर होतं, खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि तळाशी नुसते देठ उरतात. दिवा पुरेसा असेल तर तेच झाड आखूड, दाट आणि टोकाला लालसर राहतं. इथे कानी सांगतो: वायतुरा दुर्मिळ आहे, कासचं पठार जागतिक वारशात आहे, तिथून कंद उपटून आणायचा विचारही करू नये. बाजारात मिळणारी रोटाला रोपवाटिकेत वाढवलेली असते. ती बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, म्हणून टाकीत आल्यावर पहिल्या पंधरवड्यात जुनी पानं टाकते. ते दिव्यामुळे नव्हे. त्या वेळी घाबरून उजेड वाढवणं हा शेवाळाला दिलेला आवतणाचा विडा.

उजेडाचा जोर जेवढा महत्त्वाचा तेवढाच त्याचा काळ. मुंबईत वर्षभरात दिवस साधारण ११ ते सव्वातेरा तासांमध्ये फिरतो, पण टाकीवर १२ तास दिवा ठेवायचं कारण नाही. नव्या टाकीला ६ तास, बस्तान बसल्यावर ८. आणि रोज त्याच वेळी. आठवणीवर चालणारा दिवा सोमवारी पाच तास आणि रविवारी पाहुणे आले म्हणून तेरा तास जळतो. शेवाळाला याहून काही लागत नाही. दोन-तीनशे रुपयांचा टायमर हा टाकीवरचा सर्वांत उपयोगी खर्च. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली झाडांच्या मत्स्यालयाच्या पर्यावरणावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या पद्धतीत दुपारी दिवा चार तास बंद ठेवतात. साध्या टाकीत हवेतून विरघळणारा कर्बवायू लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असतो, आणि पाण्यात तो हवेच्या मानाने दहा हजार पट हळू पसरतो. सकाळच्या चार-पाच तासांत झाडं तो संपवून बसतात. मधल्या अंधारात मासे, जिवाणू आणि तळाची माती तो पुन्हा भरून काढतात. दुपारी एक ते चार बंद ठेवण्याचं महत्त्व पुण्याच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. नोकरीवाल्यांचाही यात फायदा: सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी घरी आल्यावर, दोन्ही वेळा टाकी उजळलेली मिळते.

मग घ्यायचं काय? एक फुटी टाकीत सावलीची झाडं लावायची असतील तर खटक्याच्या होल्डरमधला ९ वॅटचा ६५०० केल्विनचा घरगुती बल्ब, त्यावर एक पांढरी छत्री, पाण्यापासून वीतभर वर. शंभर-सव्वाशे रुपयांत काम होतं. दोन फुटीला तेवढ्याच लांबीची एलईडी पट्टी. कर्बवायू सोडणार असाल तर दोन पट्ट्या, किंवा अंगणात लावतात तसला २०-३० वॅटचा फ्लडलाइट टांगून. फ्लडलाइटचा उजेड एकाच ठिकाणाहून येतो, म्हणून तळावर पाण्याच्या लाटांची जाळी हलते; पट्टीखाली ती दिसत नाही. काही जण निव्वळ त्या जाळीसाठी फ्लडलाइट घेतात आणि मला त्यांचं पटतं. महागड्या खास दिव्यांना माझा विरोध नाही. त्यांतला मंद-तेज करायचा खटका मात्र खरोखर कामाचा. तो नसेल तर दिवा साखळीने वर-खाली करता येईल असा टांगावा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये दिव्याची वेळ भल्या सकाळी आणि रात्री वाटून घ्यावी, कारण दुपारी पाणी आधीच ३२ अंशांच्या पुढे गेलेलं असतं.

विजेबद्दल दोन शब्द, कारण पाणी आणि वीज इथे एकाच टेबलावर आहेत. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी तिला सॉकेटच्या खाली येईल असा झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब झोळावरून खाली पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. टाकीत हात घालताना दिव्याचा प्लग काढावा, नुसतं बटण बंद करून भागवू नये. घरच्या फ्यूजबोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच नसेल तर दिव्याआधी तो बसवावा.

पुढची प्रकरणं याच क्रमाने आहेत: आधी झाडांची यादी, मग टाकीची खोली आणि तळाचं माप, आणि दिवा त्यानंतर. ज्यांच्याकडे दिवा आधीच घेतलेला आहे त्यांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल. शेवाळाच्या प्रकरणात त्यांची गाठ आपल्याच टाकीशी पडण्याची शक्यता जास्त.